'कॅरी' : न्हाण, भानामती आणि गर्दी

भयकादंबरी हा वाङ्मयप्रकार विद्यापीठीय अभ्यासाच्या उंबरठ्याबाहेर दीर्घकाळ उभा राहिला आहे. रहस्यकथा आणि साहसकथा यांच्याबरोबर त्याची गणना 'रंजनपर' या एका शब्दात करून टीकाकार मोकळे झाले. रंजनपर वाङ्मयाचे मूल्यमापन करावयाचे नसते, त्याची केवळ नोंद घ्यावयाची असते, असा एक अलिखित संकेत रूढ झाला. स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाची 'कॅरी' (१९७४) ही कादंबरी हा संकेत किती अपुरा आहे हे दाखवून देते. ती निर्दोष आहे म्हणून नव्हे. तिच्यात ढोबळ दोष आहेत आणि त्यांचा उल्लेख पुढे यावयाचाच आहे. परंतु समूहाने एका दुर्बळ व्यक्तीचा चालविलेला छळ आणि त्या छळाचा जाब कोणी द्यावयाचा, हा तिचा विषय कोणत्याही गंभीर कादंबरीचा विषय आहे.

ही किंग यांची पहिली प्रकाशित कादंबरी होय. लेखनाच्या वेळी ते मेन या राज्यातील एका शाळेत इंग्रजी शिकवीत होते. आरंभीची पाने त्यांनी टाकून दिली होती. पत्नी टॅबिथा यांनी ती कचऱ्याच्या टोपलीतून उचलून वाचली आणि पुढे लिहिण्याचा आग्रह धरला. हा प्रसंग त्यांनी 'ऑन रायटिंग' (२०००) या पुस्तकात सांगितला आहे. त्याच पुस्तकात आपल्या शालेय जीवनातील, सहाध्यायांच्या टवाळीचा विषय झालेल्या दोन मुलींचीही आठवण त्यांनी नोंदविली आहे. कादंबरी लिहिली जात असता त्या दोघीही हयात नव्हत्या. कादंबरीच्या मुळाशी अद्‍भुताची हौस आहे त्यापेक्षा अधिक ही अस्वस्थता आहे, असे मानावयास जागा आहे.

कथानक थोडक्यात सांगता येते. चेंबरलेन या लहान गावात कॅरी व्हाइट ही सोळा वर्षांची मुलगी आपल्या धर्मवेड्या आईसह राहते. शाळेतील स्नानगृहात तिला प्रथमच ऋतुप्राप्ती होते. त्याविषयी पूर्ण अज्ञानी असल्यामुळे आपण मरणार असे वाटून ती भेदरते, आणि वर्गभगिनी तिच्यावर सॅनिटरी नॅपकिन आणि टॅम्पॉन यांचा मारा करून हसतात. या धक्क्याबरोबर तिच्यातील एक सुप्त शक्ती जागी होते : हात न लावता वस्तू हलविण्याची. पश्चात्तापदग्ध झालेली स्यू स्नेल आपल्या मित्राला, टॉमी रॉसला, कॅरीला शाळेच्या वसंतनृत्याला घेऊन जाण्यास सांगते. क्रिस हार्गेन्सन ही दुसरी मुलगी सूड म्हणून, नृत्याची राणी निवडल्या गेलेल्या कॅरीच्या अंगावर डुकरांच्या रक्ताच्या बादल्या ओतविते. त्यानंतर शाळा जळते, गाव जळते आणि चारशेहून अधिक माणसे मरतात.

ही सारी हकीकत वाचकाला आरंभापासून ठाऊक असते. कादंबरीचा घाट येथेच वैशिष्ट्यपूर्ण ठरतो. कथनाच्या मध्ये मध्ये वृत्तपत्रांतील कात्रणे, चौकशी आयोगाचा अहवाल, एका संशोधकाचा ग्रंथ, स्यूचे आत्मकथन अशी काल्पनिक कागदपत्रे पेरलेली आहेत आणि त्यांतील बहुतेक दुर्घटनेनंतरची आहेत. 'पुढे काय होणार' हे कुतूहल लेखकाने स्वतःच्या हातांनी नष्ट केले आहे. त्याच्या जागी 'हे कोणत्या क्षणी थांबविता आले असते' हा प्रश्न येतो, आणि तो प्रत्येक पानागणिक अधिक टोचू लागतो. सर्वच कागदपत्रे सारखी उतरलेली नाहीत. वैज्ञानिक ग्रंथातील उतारे शुष्क असून आनुवंशिकतेचे त्यांतील विवेचन कथेला काहीच देत नाही. आयोगाची भाषा मात्र विलक्षण परिणामकारक आहे. इतकी माणसे, इतके साक्षीपुरावे, आणि त्या सर्वांत त्या मुलीच्या मनात काय चालले होते हे एकालाही कळलेले नाही. ती जिवंत असतानाही शाळेचा अधिकारी तिचे नाव चुकीचे उच्चारतो. मेल्यावर तिच्या नावाचा आयोग नेमला जातो.

स्नानगृहातील त्या पहिल्या प्रसंगाचा अर्थ मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा थोडा निराळा, कदाचित अधिक खोल, लागू शकतो. याचे कारण भाषेत आहे. मुलीच्या प्रथम ऋतुदर्शनाला मराठीत 'न्हाण येणे' म्हणतात. जुन्या घरांतून न्हाण आलेल्या मुलीला मखरात बसवीत, तिची ओटी भरीत, गोडधोड करीत, नात्यातल्या बायका गाणी म्हणत. पुढे दर महिन्याला 'कावळा शिवला' म्हणून त्याच मुलीला बाजूला बसविणारे घरही तेच होते, हे विसरून या विधीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. बालविवाहाच्या काळात या सोहळ्याचा खरा रोख मुलीच्या आनंदापेक्षा तिच्या प्रजननक्षमतेकडे होता, हेही उघड आहे. तरी पण एक गोष्ट शिल्लक राहते : शरीरात घडलेल्या बदलाला तेथे नाव होते, आणि ते नाव सांगणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रिया होत्या.

कॅरीला न्हाण येते ते अक्षरशः न्हाताना. पण ते सांगणारे कोणी नाही. आईने ते पाप म्हणून दडवून ठेवले आहे. व्यायामशिक्षिका प्रथम किळसेने तिच्या थोबाडीत मारते आणि मग शरमते. जमलेल्या मुली गाणी म्हणण्याऐवजी एका सुरात तिची हेटाळणी करतात. विधीचे सारे घटक तेथे हजर आहेत : पाणी, रक्त, भोवती जमलेल्या स्त्रिया, सामूहिक उच्चार. फक्त विधीचा हेतू उलटा झाला आहे. कादंबरीच्या उत्तरार्धात नृत्यमंचावर हाच प्रसंग पुन्हा, अधिक भव्य प्रमाणावर घडतो. मखर आहे, मुकुट आहे, अभिषेकही आहे. अभिषेकाचे द्रव्य तेवढे डुकराचे रक्त आहे. या दोन न्हाणांच्या मध्ये सारी कादंबरी तोललेली आहे. लेखकाला ही रचना कितपत जाणीवपूर्वक साधली हा प्रश्न गौण होय.

आता कॅरीच्या शक्तीकडे वळावे. ती तीन वर्षांची असताना तिच्या घरावर दगडांचा वर्षाव झाला होता, असे कादंबरीत येते. शेजारच्या एका तरुणीशी ती निरागसपणे बोलली, त्यावरून आईने थैमान घातले आणि त्यानंतर हा वर्षाव झाला. शर्ली जॅक्सन यांच्या 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' (१९५९) या कादंबरीतील नायिकेच्या बालपणीही अशीच दगडांची वृष्टी झालेली आहे. किंग यांनी जॅक्सन यांच्याविषयीचा आदर वेळोवेळी व्यक्त केला आहे. परंतु मराठी वाचकाला या संदर्भासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. घरावर दगड पडणे, वाळत घातलेले कपडे आपोआप पेटणे, अन्नात घाण पडणे, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटणे, या प्रकाराला महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्याकडे, 'भानामती' हे नाव आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी अशी अनेक प्रकरणे प्रत्यक्ष जाऊन तपासली. त्यांचा अनुभव असा, की दगड आकाशातून येत नाहीत. घरातलेच कोणीतरी ते टाकत असते. हे 'कोणीतरी' पुष्कळदा घरात ज्याला तोंड उघडता येत नाही असे माणूस असते : नांदावयास आलेली सून, शिक्षण थांबविलेली मुलगी, मानसिक ताणाखाली दबलेले पोर. त्यामुळे त्या माणसाचे नाव चारचौघांत जाहीर न करता, त्याला विश्वासात घेऊन, त्याच्या दुःखाची वाट मोकळी करणे हा भानामती थांबविण्याचा मार्ग म्हणून समितीने अवलंबिला.

ही माहिती हाती धरून 'कॅरी' वाचली म्हणजे एक महत्त्वाची शंका उभी राहते. भानामतीच्या घरातील मुलीजवळ कोणतीही दैवी शक्ती नसते. तिच्याजवळ फक्त दगड असतो. कॅरीला मात्र लेखकाने खरी शक्ती देऊन टाकली आहे. यातून कादंबरीला काय मिळाले आणि तिने काय गमावले? मिळाले ते उघड आहे. मुक्याने सोसणाऱ्या मनातील क्रोधाला दृश्य रूप मिळाले, आणि वाचकाच्या मनात करुणा व भीती एकाच व्यक्तीविषयी, एकाच वेळी जागी झाली. ही सोपी गोष्ट नव्हे. गमावले ते असे, की शक्तीमुळे कॅरी 'निराळी' ठरली. छळ करणाऱ्यांना ती निराळी वाटत होती आणि लेखकानेही अखेर ती निराळीच होती असा निर्वाळा दिला. दररोज शाळेत चिडविल्या जाणाऱ्या, आणि हाताशी दगडही नसलेल्या असंख्य मुलामुलींचा प्रश्न त्यामुळे थोडा दूर सरकतो. त्यांच्या भोवतीची शाळा जळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी आयोगही बसत नाही.

तथापि शक्तीच्या वापराविषयी किंग यांनी दाखविलेला विवेक नजरेआड करता येत नाही. ब्रायन डी पाल्मा यांच्या १९७६च्या चित्रपटात रक्ताने माखलेली कॅरी मंचावरच उभी राहून संहार आरंभते. सिसी स्पेसेक यांच्या अभिनयाने तो प्रसंग अविस्मरणीय झाला आहे. कादंबरीतील कॅरी मात्र प्रथम पळते. पळताना तिला पाय आडवा घालून पाडले जाते. पुन्हा हशा पिकतो. ती कशीबशी बाहेर येऊन हिरवळीवर पडते. आपल्याजवळ शक्ती आहे हे तिला तेथे आठवते आणि मग ती दारे बंद करते. चित्रपटात संहार हा झटका आहे. कादंबरीत तो निर्णय आहे. पीडिताला निर्णयाची, म्हणजेच अपराधाचीही, पात्रता देणे हे केवळ दया दाखविण्यापेक्षा मोठे काम आहे.

हसणाऱ्या गर्दीचे चित्रणही असेच सूक्ष्म आहे. वाचलेल्यांपैकी एक मुलगी नंतर साक्ष देते, की तो देखावा इतका भयंकर होता की हसावे नाही तर वेडे व्हावे अशी स्थिती होती. हे समर्थन खोटे नाही, आणि म्हणूनच ते अस्वस्थ करते. गर्दीत कोणी दुष्ट नसतानाही गर्दी दुष्ट होऊ शकते.

गर्दीने एकाला उचलून उंचावर बसवावे, हा प्रकार महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुण्याजवळील हिंजवडी हे नाव आज राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान वसाहतीमुळे सर्वदूर पोहोचले आहे. परंतु हिंजवडी आणि वाकड या गावांचे दैवत म्हातोबा असून चैत्रात त्याच्या यात्रेला बगाड निघते. गळकऱ्याच्या पाठीत गळ टोचून त्याला बगाडावर चढविले जाते आणि हजारोंच्या जयघोषात ते ओढले जाते. या प्रथेचा पुरस्कार करण्याचा येथे हेतू नाही. तुलनेचा मुद्दा एवढाच, की तेथे वेदना सोसणारा माणूस गावाच्या वतीने सोसतो, सोसण्यापूर्वी ते स्वीकारतो आणि उतरल्यावर मान घेऊन घरी जातो. अंगात येणाऱ्या स्त्रीचेही असेच. एरवी जिचे कोणी ऐकत नाही, तिचे बोल त्या घटकेपुरते घर ऐकते. चेंबरलेनच्या वसंतनृत्यात उंचावर बसविलेल्या मुलीला यांतले काहीच उपलब्ध नाही. तिची संमती सिंहासनापुरती होती, रक्तासाठी नव्हे. आणि तिला खाली उतरविणारा कोणताही संकेत त्या समाजाने राखलेला नाही.

स्यू स्नेलचे पात्र या कादंबरीतील सर्वांत अवघड आणि, खरे पाहता, सर्वांत यशस्वी पात्र होय. तिचा पश्चात्ताप प्रामाणिक आहे. पण आपल्या मित्राला दुसरीबरोबर पाठविण्यात स्वतःच्या मोठेपणाचा एक पुसट स्वाद आहे, हेही तिला कळते. कॅरीला काय हवे हे तिनेही विचारलेले नाही. उलट आईचे पात्र एकसुरी आहे. मार्गारेट व्हाइट पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत किंचाळते. कोठडीत मुलीला कोंडणाऱ्या या बाईच्या धर्मवेडामागची भीती क्वचितच दिसते, आणि जेव्हा दिसते तेव्हा लेखक घाईत असतो. 'श्यामची आई'च्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला हे पात्र धक्का देईल. परंतु धक्का हा व्यक्तिचित्रणाला पर्याय नव्हे.

किंग यांचे मराठीशी नाते नवे नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी 'लुचाई' या कादंबरीत किंग यांच्या 'सेलम्स लॉट'चे मराठी वळणाचे रूपांतर केले. त्यांची 'आजी' ही कथा किंग यांच्या 'ग्रामा' या कथेवरून सिद्ध झाली, आणि तिचाच धागा 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटापर्यंत पोहोचला. धारपांचे ऋण मराठी भयकथेवर मोठे आहे. तरीही त्यांच्या 'समर्थ'कथांची चौकट पाहता असे दिसते, की तेथे अमंगल शक्ती बाहेरून येते आणि अधिकारी पुरुष तिचे निवारण करतो. समर्थ आले की वाचक निर्धास्त होतो. चेंबरलेनमध्ये कोणी समर्थ येत नाही, कारण निवारण करावयाचे अमंगल बाहेरून आलेलेच नाही; ते वर्गात, स्वयंपाकघरात आणि मुख्याध्यापकाच्या खोलीत आहे. मराठीत कॅरीचे रूपांतर करावयाचे झाल्यास भाषेची अडचण फारशी येणार नाही, न्हाण आणि भानामती हे शब्द तयारच आहेत. अडचण येईल ती समर्थांना बाहेर ठेवण्याची.

कादंबरीच्या शेवटी आयोग असा निष्कर्ष काढतो, की या प्रकाराची पुनरावृत्ती संभवत नाही. त्यानंतर एक पत्र येते. टेनेसीमधील एक अल्पशिक्षित आई आपल्या बहिणीला लिहिते, की तिची चिमुरडी हात न लावता गोट्या हलविते. पत्र शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेले आहे, आणि आईला मुलीचे कौतुक वाटते आहे.