टेकडी आणि तिची बाग

तुम्ही आयुष्यात सर्वांत जास्त वेळा पाहिलेला फोटो कुठला? लग्नाचा म्हणाल, पण तो तर कपाटात आहे! हिरवी टेकडी, वर निळं आकाश, चार पांढरे ढग. २००१ साली विंडोज एक्सपी आलं आणि पुढे कित्येक वर्षं सकाळी ऑफिसात गेलं की पहिलं दर्शन या टेकडीचं. आम्ही तिच्यावर फाइल्स पसरून कामाला लागायचो. मला तर ती कुणीतरी कॉम्प्युटरवर रंगवलेली वाटायची.

पण ती खरी आहे, आणि बे एरियातल्या आपल्या घरांपासून फार लांबही नाही. जानेवारी १९९६ मध्ये चार्ल्स ओ'रिअर हा छायाचित्रकार मैत्रिणीला भेटायला निघाला होता. सोनोमा काउंटीत त्याने रस्त्याकडेला गाडी थांबवली, मामिया कॅमेरा काढला आणि फोटो घेतला. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे आपला श्रावण इथे पौषात येतो. त्यात फुजीची वेल्व्हिया फिल्म, म्हणजे हिरवा आणखी हिरवा.

या फोटोतलं मला सर्वांत आवडतं ते गवत नव्हे, गवतावरच्या ढगांच्या सावल्या. त्यांच्यामुळेच उताराला गोलाई येते. झाड, माणूस, घर असं काही न घेता नुसत्या उतारावर फोटो उभा करायला धीर लागतो. आपण गोल्डन गेटसमोर बायकोला उभं केल्याशिवाय बटण दाबत नाही.

तक्रार आहे ती नावाबद्दल. ओ'रिअरचं शीर्षक 'ग्रामीण हिरव्या टेकड्या' अशा साध्या अर्थाचं होतं. मायक्रोसॉफ्टने ते बदलून 'ब्लिस' केलं, म्हणजे परमानंद. कुणाचा? त्या टेकडीवर द्राक्षांची बाग होती. मुळांना फायलोक्सेरा कीड लागली, वेली काढाव्या लागल्या, म्हणून तिथे गवत होतं. फोटोत याची एकही खूण नाही. एखादा खुंट, कुंपणाची तार दिसती तर चित्र थोडं कमी गुळगुळीत झालं असतं आणि माझ्या मते जास्त चांगलं.

परवाच्या फेब्रुवारीत आम्ही सगळे टेकडी बघायला गेलो. रस्ता वाहता, थांबायला धड जागा नाही. बाग पुन्हा लावलेली, छाटलेल्या वेलींच्या रांगा. "हीच का ती?" म्हणून मुलीने तोंड वाकडं केलं. सासूबाई नाशिककडच्या, गारपिटीनंतर भावाला बाग तोडावी लागली, ते त्यांनी पाहिलेलं. मी फोटोची गोष्ट सांगितली तर त्या म्हणाल्या, "फोटोवाल्याचं ठीक आहे रे, ज्याची बाग गेली त्याने पुन्हा लावली कधी?"

मला सांगता आलं नाही. मुलगी तोवर पुढच्या मळ्यात वेलींमधून फुललेल्या पिवळ्या मोहरीचे फोटो काढत होती, आणि सासूबाई तिला कोवळा पाला कसा ओळखायचा ते दाखवत होत्या.