चौदाशे वर्षांचा कोरा कागद

चांगदेव चौदाशे वर्षे जगले अशी आख्यायिका आहे. मरण दाराशी आले की योगबळाने ते परतवून लावायचे. स्वारीला वाघ, हातात सापाचा चाबूक. ज्ञानदेवांना जेमतेम एकवीस वर्षांचे आयुष्य मिळाले. आज चांगदेव आठवतात ते कशामुळे? त्यांनी आळंदीला पाठवलेल्या कोऱ्या पत्रामुळे, त्यावर मुक्ताबाईने केलेल्या थट्टेमुळे आणि ज्ञानदेवांनी उत्तरादाखल लिहिलेल्या पासष्ट ओव्यांमुळे. एवढे जगलेल्या माणसाची आठवण एका पोराने लिहिलेल्या पत्रोत्तरावर तगून आहे. अमरत्व आणि स्मरण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मराठी माणसाला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीला मात्र ते अजून पुरते उमगलेले दिसत नाही.

बाहेरच्या भाषांत या फरकावरच कादंबऱ्या उभ्या राहिल्या. सिमोन द बोव्हारच्या १९४६च्या कादंबरीतला फोस्का हा तेराव्या शतकातला इटालियन सरदार मरणच हरवून बसतो, आणि शतके उलटतात तसे त्याला कशाचेच काही वाटेनासे होते. (तेराव्या शतकातला, म्हणजे आपल्या नामदेवांच्या काळातला. योगायोगच, पण पुढे उपयोगी पडणारा.) व्ही. ई. श्वाब यांची २०२० सालची अॅडी लारू अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये अमरत्वाचा सौदा करते. अट अशी की तिची पाठ वळली की समोरचा तिला विसरणार. कादंबरी लांबली आहे, मध्ये बरीच घुटमळते. पण जगणे चालू आणि आठवण बंद, या एका कल्पनेतून ती सबंध गोष्ट उभी करते.

आपल्याकडे अद्भुताची वाण कधीच नव्हती. मराठी कादंबरीने बाळसे धरले ती हळब्यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांच्या ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कथांमधून. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) इतिहासाने कादंबरीत पाय रोवला, हरिभाऊंनी त्याला प्रतिष्ठा दिली आणि अद्भुत हळूहळू ओसरीवर गेले. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने वाचकांना वेड लावले, तरी समीक्षकांनी तिला किशोरांच्या खोलीतच ठेवले. पुढे ऐतिहासिक म्हटली की कागदपत्रांची आणि अद्भुत म्हटली की पोरांची, अशी वाटणीच होऊन गेली.

ही वाटणी टाळायची सोय महाभारतात सापडली. खांडेकरांनी ‘ययाति’मध्ये (१९५९) उसन्या तारुण्याची कथा घेतली. मूळ कथेतला ययाती ते तारुण्य हजार वर्षे भोगतो. ही हजार वर्षे खांडेकरांनी वगळली. त्यांना वासना आणि संयम यांचा झगडा दाखवायचा होता, लांबलेला काळ नको होता. कादंबरीला ज्ञानपीठ मिळाले. पण हजार वर्षांनी माणसाच्या आठवणींचे काय होते, हा त्या कथेतला सगळ्यांत भयानक प्रश्न तसाच पडून राहिला. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) मेलेला कर्ण स्वतःची कथा सांगायला उठतो. कल्पना जबरदस्त, पण मेलेल्या माणसाच्या बोलण्यात जो परकेपणा यायला हवा तो येत नाही. कर्ण वकिलासारखा बोलतो. त्याला आपली बाजू मांडून न्याय हवा आहे. तिथून मराठी ऐतिहासिक कादंबरीत अमरत्व म्हणजे गौरव, हे समीकरण घट्ट झाले. नायकाची उपेक्षा झाली, आता कादंबरीकार ती भरून काढणार. असे करता करता कादंबरी शिलालेख होते, आणि शिलालेखाला शंका येत नाहीत.

अश्वत्थाम्याचेही तेच. नंदुरबार जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास आदिवासी भाविक अस्तंब्याचा डोंगर चढतात. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो अजून या सातपुड्यात फिरतो, असे लोक सांगतात. त्याला कोणी विसरलेले नाही, पण तो आपल्यात असावा असेही कोणाला वाटत नाही. मराठीत त्याच्यावर लिहिले गेले ते बहुतेक युद्धाच्या अंगाने, अपराध आणि शाप यांच्या अंगाने. तेल मागत फिरणारा म्हातारा, ज्याला युद्धाची नावेही आता नीट आठवत नसतील, तो माझ्या वाचनात आला नाही.

एक अपवाद ठळक आहे, दि. बा. मोकाशींची ‘आनंदओवरी’ (१९७४). तुकाराम नाहीसे झाले आहेत आणि धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधतो आहे, एवढीच गोष्ट. पृष्ठसंख्या थोडी, पराक्रम नाही, दरबार नाही. सदेह वैकुंठगमन हा मराठीतला अमरत्वाचा सर्वांत मोठा दावा मोकाशी खोडत नाहीत, सिद्धही करत नाहीत. ते फक्त मागे राहिलेल्या माणसाच्या शेजारी बसतात. कान्होबाला तुका भाऊ म्हणून हवा आहे आणि गावाला संत म्हणून. ही ओढाताण कान्होबाच्या बोलण्यातून अशी हळूहळू वर येते की चमत्काराचा निकाल लागला काय, न लागला काय, वाचकाला फरक पडत नाही. अमर झालेल्या माणसापेक्षा त्याची आठवण वाहणारा माणूस कादंबरीला जास्त देतो, हे मोकाशींनी ओळखले. त्या वाटेने पुढे फारसे कोणी गेले नाही. नेमाड्यांच्या ‘हिंदू’मधली (२०१०) मोहेंजोदडोपर्यंत मागे जाणारी स्मृती आणि रंगनाथ पठारे यांच्या ‘सातपाटील कुलवृत्तांत’मधली (२०१९) सातशे वर्षांची वंशकथा ही दोन मोठी धाडसे आहेत. पण तिथे स्मरण कुळाचे, समूहाचे आहे. एका माणसाच्या खांद्यावरचे ते ओझे नाही.

असे ओझे वाहिलेला माणूस हिंगोली जिल्ह्यातला आहे. कयाधूकाठच्या नरसीला, आज नरसी नामदेव म्हणतात तिथे, १२७० साली नामदेव जन्मले अशी परंपरा आहे; पंढरपूरचाही त्यावर हक्क सांगितला जातो. ज्ञानदेवांनी १२९६ साली समाधी घेतली. नामदेव १३५०पर्यंत होते. मधली चोपन्न वर्षे हाच खरा कादंबरीचा ऐवज. आदी, तीर्थावळी, समाधी या प्रकरणांतून ज्ञानदेवांचे चरित्र मराठीला मिळाले ते नामदेवांच्या नावावर. निवृत्ती, सोपान, मुक्ताई एकेक करून गेले. सांगायला हा उरला. ‘मोगरा फुलला’मध्ये गो. नी. दांडेकरांनी त्या भावंडांचे दुःख रसाळपणे सांगितले. पण ते सांगून झाल्यावर अर्धे शतक जगावे लागलेल्या शिंप्याचे काय झाले, तिकडे आपली कादंबरी वळली नाही. तिला समाधीचा दगड बसला की पडदा पाडायची घाई असते.

नरसीपासून फार लांब नाही ते औंढा नागनाथ. गोरोबांनी कच्चे मडके ठरवलेल्या नामदेवांना इथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले दिसले, असे सांगतात. कीर्तनाला बसलेल्या नामदेवांना देवळामागे पाठवले तेव्हा देऊळच फिरले आणि नंदी मागे राहिला, हीही कथा. या देवळाचा खालचा यादवकालीन काळ्या दगडाचा, कोरीवकामाने गच्च भरलेला भाग आणि वरचा नंतर बांधलेला साधा भाग यांतला सांधा कोणालाही दिसतो. आपले ऐतिहासिक कादंबरीकार असा सांधा गिलावा करून लपवतात. कुठवर कागद बोलतो आणि कुठून कल्पना, हे वाचकाला कळू द्यायचे नाही, मग शेवटी संदर्भग्रंथांची यादी जोडून आपण इतिहासच लिहिला असे सुचवायचे. कारणही समजते. भावना दुखावल्याची आरोळी केव्हा उठेल याचा नेम नाही, आणि संतावर किंवा राजावर उघडउघड कल्पनारम्य लिहायला छाती लागते. पण भीतीपोटी निवडलेली शैली ही शेवटी शैली नसते.

उत्तरेत नामदेवांचे दुसरे आयुष्य झाले. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत, गुरुदासपूर जिल्ह्यातले घुमान त्यांना आपले मानते, आणि २०१५ साली मराठी साहित्य संमेलन तिथे भरले. संमेलनाने सत्कार केले, भाषणे झाली. मराठीतून निघून दुसऱ्या भाषेत आठवला जाणारा म्हातारा मात्र कोणाच्या कादंबरीत शिरला नाही. नामदेवांच्या स्मृतीवर सविस्तर ग्रंथ लिहिला तो ख्रिश्चन ली नोवेत्स्के या अमेरिकी अभ्यासकाने, २००८ साली. ही परंपरा पोथीपेक्षा कीर्तनाच्या जोरावर, लोकांसमोर उभे राहून जपली गेली, हा त्यातला मुद्दा कादंबरीकाराने उशाला घेऊन झोपावा असा आहे.

कारण अद्भुताचे साधन तिथेच आहे, आयते. नामदेवांच्या गाथेत पुढच्या काळातल्या विष्णुदास नामाची रचना मिसळली आहे. कोणता अभंग कोणाचा यावर अभ्यासक अजून भांडतात. ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा घालणारे हात एकाहून अधिक, आणि त्यांच्यात शतकांचे अंतर. फोस्कासाठी बोव्हारला अमृत शोधावे लागले. आपल्याकडे अमर माणूस लिहायला ना शाप लागतो ना रसायन: तेराव्या शतकात सुरू झालेला एक ‘नामा’ सोळाव्या शतकातही अभंग रचतोच आहे. तो एकच असेल तर त्याला पहिल्या मित्राचा चेहरा आता आठवतो का? आणि अनेक असतील तर दुसऱ्याने पहिल्याचे नाव घेताना काय केले, चोरी की चाकरी? संशोधकाला यातला एक पर्याय निवडावा लागतो. कादंबरीकाराला दोन्ही ठेवता येतात, फक्त मागची संदर्भसूची तेवढी गाळावी लागेल.