बंदरावरचा पाहुणा

प्रवासी जहाज सकाळी बेटाच्या धक्क्याला लागते, उतारू मोटारींतून दोन-तीन स्थळे पाहून येतात, आणि दिवेलागणीच्या सुमारास जहाज पुढच्या बेटाकडे निघते. कॅरिबियन समुद्रातील बेटांना हा क्रम सवयीचा झाला आहे. एवढ्या अवधीत पाहुण्याला नक्की काय दिसते? हा प्रश्न त्याच बेटांवर जन्मलेल्या दोन लेखकांनी आपापल्या परीने हाताळला आहे. त्यांची उत्तरे भिन्न आहेत. परंतु ती एकत्र वाचली पाहिजेत, असे आमचे मत आहे.

जमैका किंकेड यांचे 'अ स्मॉल प्लेस' हे छोटेखानी पुस्तक १९८८ साली प्रसिद्ध झाले. अँटिग्वा ही त्यांची जन्मभूमी. पुस्तकाच्या आरंभीच त्या प्रवाशाला थेट संबोधून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. १९७४ च्या भूकंपात मोडलेल्या वाचनालयावर दुरुस्तीची पाटी वर्षानुवर्षे तशीच का, ज्या निळ्या पाण्यात आपण पोहतो त्यात सांडपाणी कोठून येते, येथली संपत्ती कोणाच्या हाती आहे, असे त्यांचे प्रश्न आहेत. वकिली पेशामुळे ही उलटतपासणी आम्हांस भावते. तथापि तीत एक उणीव आहे. आरोपीला बचावाची संधीच मिळत नाही. निकाल ऐकून प्रवासी मान खाली घालील, परंतु पुढच्या बंदरावर कसे पाहावे हे त्याला कळणार नाही.

सेंट लुशियाचे कवी डेरेक वॉलकॉट यांनी १९९२ च्या नोबेल व्याख्यानात नेमके हेच शिकविले आहे. व्याख्यानाचा आरंभ होतो त्रिनिदादमधील फेलिसिटी या गावच्या रामलीलेने. १८४५ ते १९१७ या काळात गिरमिटावर गेलेल्या हिंदी मजुरांच्या वंशजांची ही लीला पाहण्यास ते अमेरिकन मित्रांसह, म्हणजे पाहुण्यासारखेच, गेले होते. योद्ध्यांच्या वेशातील मुले आणि जाळण्यासाठी उभारलेला भव्य पुतळा पाहून त्यांना ते प्रथम नाटक वाटले, हरवलेल्या मायभूमीची करुण आठवण वाटली. नंतर त्यांनी कबूल केले की खेळणाऱ्यांच्या लेखी ती श्रद्धा होती, आणि तीत शोक नव्हता, आनंद होता. एवढ्या मानाच्या व्यासपीठावरून स्वतःच्या नजरेची चूक सांगणे, हेच या व्याख्यानाचे मोठेपण होय. मात्र कवीचा भर पाहणाऱ्याच्या दृष्टीवर आहे. पायाखालची जमीन कोणाची, हा किंकेडबाईंचा प्रश्न मागे पडतो.

तो मागे पडू देऊ नये, याची साक्ष त्रिनिदादच्याच पश्चिम किनाऱ्यावर आहे. वॉटर्लू येथे शिवदास साधू या मजुराने १९४७ साली साखर कंपनीच्या जमिनीवर मंदिर बांधले. १९५२ मध्ये ते पाडण्यात आले. त्याला दंड झाला, तुरुंगवासही घडला. जमीन कंपनीची, पण समुद्र तर कोणाचा नाही! या विचाराने त्याने सायकलवरून दगड आणि सिमेंट वाहून, भराव घालून, पाण्यातच देवाला जागा केली. लाटांनी खचलेले ते मंदिर १९९५ साली, हिंदी मजुरांच्या आगमनाला १५० वर्षे झाली तेव्हा, नव्याने उभे राहिले. घाईच्या पाहुण्याला त्यात पाण्याने वेढलेले एक देखणे देऊळ दिसेल. त्यामागचा खटला दिसण्यास किंकेडबाईंचा प्रश्न हवा, आणि तेथे रोज जळणारी पणती समजण्यास वॉलकॉट यांची नम्रता हवी.

मुरगावच्या धक्क्यावर अशीच जहाजे लागतात, आणि त्यांतील उतारू मंगेशीच्या दीपमाळेची छायाचित्रे घेऊन परततात. १५६० साली हा देव कुशस्थळीहून नदीपार प्रियोळास का आणावा लागला, हे विचारण्यास त्यांना सवड नसते. आपण त्यांच्यावर रुसतो, आणि ते रास्तही आहे. परंतु परक्या बंदरावर उतरल्यावर तेथल्या देवळात, चर्चमध्ये वा मशिदीत आम्ही स्वतः तरी हे विचारतो काय? या दोन लेखकांनी आम्हांस प्रथम याच प्रश्नाचे उत्तर देण्यास भाग पाडले.