परिशिष्टातला मराठवाडा

मुक्तिसंग्राम दिनाला आमच्या बोरीत (तालुका जिंतूर) भाषणांत रझाकार हमखास येतात. कासीम रझवी लातूरचा वकील होता, हेही कुणीतरी सांगतं. पोलीस ॲक्शननंतर काय झालं, तिथं मात्र भाषण संपतं. त्यासाठी ए. जी. नूराणी यांचं ‘द डिस्ट्रक्शन ऑफ हैदराबाद’ (२०१३) वाचावं, आणि तेही परिशिष्टापासून.

तिथं सुंदरलाल समितीचा अहवाल आहे. नेहरूंनी १९४८च्या अखेरीस पाठवलेली ही माणसं गावोगाव फिरली. २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा सर्वांत जास्त होरपळले. आधीचे रझाकारांचे अत्याचारही ते नोंदवतात, आणि मुसलमानांना वाचवणारे हिंदू शेजारीही. म्हणून हा अहवाल कुणाच्याच भाषणात नीट बसत नाही, आणि तो कित्येक वर्षं दाबून ठेवला गेला.

नूराणी वकील. ते खटला चालवतात: निझाम, पटेल, मुन्शी, पत्रव्यवहार. खटला भक्कम आहे, पण ज्यांची घरं जळली ते परिशिष्टातच राहतात. जेमतेम साडेतीन वर्षांत, १९५२ला, हीच माणसं मतदानाला गेली. तेव्हा दर उमेदवाराची वेगळी मतपेटी असे. ज्या सरकारनं फौज पाठवली, त्याच्याच पक्षाच्या पेटीसमोर उभं राहून त्यांनी काय ठरवलं? माझ्या मते खरं पुस्तक इथं सुरू व्हायला हवं होतं. नूराणी तिथं फारसे थांबत नाहीत.

ती मोकळी जागा घोषणांनी भरली. परभणी-औरंगाबादेत शिवसेनेचं ‘खान की बाण’ गाजलं. आमच्या धंद्यात याला बुलियन म्हणतात, हो किंवा नाही, तिसरं काही नाही. मतदार तसा वागलाच नाही. नांदेड महापालिकेत २०१२ला एमआयएमचे ११ नगरसेवक आले, २०१७ला एकही नाही. काँग्रेसनं ८१पैकी ७३ जागा घेतल्या. २०२४च्या लोकसभेला परभणीत अनेक मुस्लीम मतदारांनी मशालीचं, म्हणजे ठाकऱ्यांच्या शिवसेनेचं बटण दाबलं. याला ‘गठ्ठा मतदान’ म्हणणं आळशीपणाचं आहे. नुसती भीती म्हणणंही तसंच. भीती, हिशेब, नळाला पाणी, उमेदवाराशी ओळख, यांतलं काय किती, ते मोहल्ल्यागणिक वेगळं निघेल. त्यासाठी सुंदरलाल यांच्यासारखं दारोदार जावं लागेल.