बुजगावण्याचा वाटा

मुस्लिम मराठी कथा म्हटली की तलाक, दंगल, बेकारी, मोहल्ल्यातली बकाली असे काही विषय ठरल्यासारखे डोळ्यांसमोर येतात. हे विषय खोटे नाहीत. हमीद दलवाई यांच्या 'इंधन' (१९६५) या कादंबरीपासून १९९० च्या सोलापूर संमेलनानंतर लिहू लागलेल्या पिढीपर्यंत अनेकांनी ते तळमळीने मांडले. पण आपल्या लेखकाला नेहमी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहूनच बोलावे लागते, हेही खरे. 'तुमच्या समाजात असे घडते का?' या प्रश्नाला उत्तर देता देता कथा आणि निवेदन यांतला फरक पुसट होत जातो. काही अद्भुत किंवा विचित्र लिहिले तर ते वास्तवापासून पळणे ठरते आणि जिन्न-परी आली तर अंधश्रद्धा. हा निकाल आम्हाला मान्य नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि मराठी आवडीने वाचतो. म्हणून उर्दू अफसान्यातलीच दोन उदाहरणे घेऊ.

सुरेंद्र प्रकाश यांच्या 'बिजूका' या कथेत प्रेमचंदांचा होरी पुन्हा भेटतो. 'गोदान' (१९३६) मध्ये तो शेवटी मरतो. इथे तो म्हातारा होऊन जिवंत आहे, देश स्वतंत्र झाला आहे आणि पीक कापणीला आले आहे. घरची माणसे घेऊन तो शेतावर जातो, तर तिथे कापणी आधीच सुरू आहे. कापणारे आहे ते त्यानेच बांबूचे बनवून, इंग्रज शिकाऱ्याचे जुने कपडे चढवून उभे केलेले बुजगावणे. आपण राखण केली, म्हणून ते आपला वाटा मागते. पंचायत बसते आणि निकाल बुजगावण्याच्या बाजूने लागतो. मेल्यावर आपल्यालाच शेतात बुजगावणे म्हणून उभे करा, असे होरी घरच्यांना सांगतो.

ही कथा साध्या वास्तववादी पद्धतीने लिहिता आली असती. मग एखादा अंमलदार, एखादा कायदा, एखादा सावकार आला असता आणि त्यांच्याबरोबर कथाही जुनी झाली असती. रक्षणासाठी उभे केलेलेच उद्या वाटेकरी होते, ही गोष्ट बुजगावण्यामुळे कोणत्याही काळात लागू पडते. लक्षात घ्यावे असे आणखी एक आहे. वाट्याचा दावा ऐकावा तसा पंचायत त्याचा दावा ऐकते. विचित्र गोष्ट एकच, बाकी सगळे रोजच्या व्यवहारासारखे. म्हणूनच वाचकाच्या अंगावर काटा येतो.

दुसरे उदाहरण इंतिजार हुसेन यांच्या 'आखरी आदमी'चे. सब्तचा दिवस मोडणाऱ्यांचे वानर झाले, हा कुरआनातला प्रसंग आपल्या वाचकांना लहानपणापासून ठाऊक आहे. कथेतला अलयासफ हा गावातला शेवटचा माणूस. माणूस म्हणून जन्मलो, माणूस म्हणूनच मरेन, अशी त्याची शपथ. रागावलेले, घाबरलेले, रडणारे वानर होताना तो पाहतो, म्हणून राग, भीती, दया, प्रेम एकेक करून सोडून देतो. माणूसपण टिकवण्यासाठी तो माणूसपणच टाकत जातो आणि शेवटी वानर होतो. सामाजिक दडपणाखाली स्वतःला आक्रसून घेणाऱ्या माणसाचे इतके नेमके चित्र आम्हाला कोणत्याही अहवालात सापडले नाही.

अर्थात विचित्रपणा हे काही हुकमी औषध नव्हे. १९६० ते १९८० च्या काळात 'जदीद' म्हणवणाऱ्या उर्दू अफसान्याचा मोठा भाग कोडे होऊन बसला. पात्रांना नावे नाहीत, घटनेला धागा नाही आणि वाचक वाऱ्यावर. नय्यर मसूद (१९३६-२०१७) यांनी नेमकी उलट वाट धरली. लखनौच्या या फारसीच्या प्राध्यापकाने काफ्काचे उर्दू अनुवाद केले, पण स्वतःच्या कथांत भाषा स्वच्छ, बिनअलंकाराची ठेवली. गोष्ट धूसर, वाक्य मात्र लख्ख. हा धडा घेण्यासारखा आहे.

मराठीतही ही वाट अनोळखी नाही. विलास सारंग यांच्या कथा आहेत. नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'ने (१९७२) तर दाखवून दिले की चक्रावून टाकणारी प्रतिमा आणि पोटातली आग एकाच कवितेत राहू शकतात. सामाजिक बांधिलकी आणि अतिवास्तव यांचे वैर आहे, हा समज तिथेच मोडायला हवा होता.

आणि आपल्या घरात काय कमी आहे? 'तिलिस्म-ए-होशरुबा'चा वारसा आहे. मोहरमला वाघाचे सोंग घेणारा शेजारी आहे. दर्ग्याच्या भिंतीशी बसून वारलेल्या माणसाशी बोलणारी खाला आहे. यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रबोधनाचा प्रश्न, आणि तो आपल्या जागी रास्तच आहे. कथा विश्वास मागत नाही. खाला काय बोलते आणि ते जिवंत माणसाशी का बोलता येत नाही, एवढेच ती ऐकते.

आपल्या नव्या लेखकांना आमचे सांगणे एवढेच. साक्ष द्यावी, जरूर द्यावी. पण आपल्याच शेतातले बुजगावणे बोलू लागले, तर त्याला गप्प करू नये. तेही साक्षीदारच आहे, आणि त्याची उलटतपासणी कोणालाही सोपी जाणार नाही.