धूसर की पुसट?

दिवाळी अंकाच्या पानांवर कवितेची समीक्षा येते, कथेची येते, नाटकाची येते. चित्राचीही क्वचित येते. छायाचित्राची मात्र येत नाही. फोटो हा आपल्याकडे अजून ‘काढण्याचा’ विषय आहे, ‘वाचण्याचा’ झालेला नाही. वास्तविक पेडणे किंवा डिचोली तालुक्यातल्या कोणत्याही घरात वर्षभरात जेवढ्या कविता वाचल्या जात असतील, त्याच्या कितीतरी पट फोटो पाहिले जातात. ज्या कलेशी आपला रोजचा संबंध, तिच्याविषयी आपण ‘छान आलाय’ यापलीकडे काही बोलत नाही, ही रसिकतेच्या दृष्टीने फारशी भूषणावह गोष्ट नव्हे. मी स्वतः छायाचित्रकार नाही, पाहणारा आहे. पाहणाऱ्याच्या अधिकारानेच या लेखात एका प्रश्नाचा विचार करतो. फोटोतल्या माणसाच्या मागे जे असते, त्याचे भिंग काय करते?

हा प्रश्न सुचण्याचे कारण उघड आहे. अलीकडचा लग्नाचा कोणताही आल्बम उघडावा. नवरीचा चेहरा लख्ख, नथीतला प्रत्येक मोती मोजून घ्यावा इतका स्पष्ट, आणि मागे हिरवट-पिवळट विरघळलेले काहीतरी. ते मंगल कार्यालय आहे, देवळाचा सभामंडप आहे की माडांचे कुळागर, याचा पत्ता लागत नाही. वीस घरांतले वीस आल्बम घेतले तर वीस नवऱ्या वेगळ्या दिसतील. त्यांची गावे मात्र एकच, म्हणजे कोणतेच नाही. या विरघळण्याला आज ‘प्रोफेशनल’ फोटोचे लक्षण मानतात. मागचे जितके नाहीसे, तितका फोटोग्राफर भारी, असा हिशेब झाला आहे. हा हिशेब मला तपासून पाहावासा वाटतो.

जपानी भाषेत या अस्पष्टतेला ‘बोके’ म्हणतात. १९९७ साली अमेरिकेतल्या एका छायाचित्रणविषयक मासिकाने या शब्दावर लेख छापले आणि तेव्हापासून तो जगभर रूढ झाला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की ‘बोके’ म्हणताना मागचे किती अस्पष्ट आहे, एवढाच मुद्दा नसतो. ते कसे अस्पष्ट आहे, हा खरा मुद्दा असतो. प्रमाण वेगळे आणि प्रत वेगळी. आपल्या भाषेत तर यासाठी शब्दांची श्रीमंती आहे. उजेड कमी पडला की ‘अंधुक’. मध्ये धुळीचा वा धुक्याचा पडदा आला की ‘धूसर’. आणि पाटीवरचे अक्षर ओल्या बोटाने फिरवून घालवले की ‘पुसट’. धूसर गोष्ट तिथे असते, फक्त दूर सरलेली असते. पुसट झालेली गोष्ट तिथून निघून गेलेली असते. या लेखाचे सारे म्हणणे या दोन शब्दांतल्या अंतराएवढे आहे.

आता थोडे भिंगाविषयी. भिंग एका वेळी एकाच अंतरावर नीट जुळते. त्याच्या पुढच्या-मागच्या प्रत्येक ठिपक्याची फोटोत एक छोटी चकती होते. चकती लहान असली तर डोळ्यांना ती ठिपकाच वाटते. मोठी झाली की चकत्या एकमेकींवर चढतात आणि आकार वितळतो. ही चकती किती मोठी होणार, हे मुख्यतः भिंगातून प्रकाश आत येण्याच्या छिद्रावर अवलंबून असते. ८५ मिलिमीटरचे भिंग एफ १.८ वर पूर्ण उघडले की हे छिद्र सुमारे ४७ मिलिमीटर भरते. माणूस दोन मीटरवर उभा असेल, तर अगदी दूरच्या दिव्याची चकती फोटोच्या रुंदीच्या जवळजवळ सहा टक्के होते. तेच भिंग एफ ८ वर आणले की छिद्र साडेदहा मिलिमीटरवर येते आणि चकती सव्वा टक्क्याच्या आसपास. नार्वेच्या सप्तकोटेश्वरासमोरचा दीपस्तंभ पहिल्या फोटोत केवळ एक फिकट पट्टा होईल. दुसऱ्यात तो धूसर असेल, पण दीपस्तंभच असेल. शिवाजी महाराजांनी १६६८ साली ज्या देवळाचा जीर्णोद्धार केला, त्या देवळापुढे उभे राहून फोटो काढायचा आणि ते देऊळ पट्ट्यात विरघळवायचे, याला काय म्हणावे?

हे झाले प्रमाण. प्रत ही भिंगाच्या घडणीवर ठरते. काही भिंगांत चकतीचा मध्य उजळ आणि कड मऊ असते. अशा चकत्या एकमेकींत सहज मिसळतात आणि मागचा भाग लोण्यासारखा दिसतो. काहींत उलट, मध्य फिका आणि कडेला झगझगीत वळे. मग मागच्या गवताच्या प्रत्येक काडीच्या दोन काड्या होतात आणि चेहऱ्यामागे कोणी काथ्याचा गुंता टाकल्यासारखे वाटते. छिद्राची पाती पाचच असतील तर दिव्यांचे पंचकोन दिसतात. फोटोच्या कोपऱ्यांकडे गोल चकत्या मांजराच्या डोळ्यासारख्या चिंचोळ्या होतात. आरशाच्या दूरदर्शी भिंगात प्रत्येक दिव्याचे कडबोळे होते, कारण मधोमध आरसा असतो. १८४० साली योझेफ पेट्झवाल याने व्यक्तिचित्रांसाठी जे भिंग रचले, त्यात मागची पाने भोवऱ्यासारखी फिरताना दिसतात. सोव्हिएत काळातल्या ‘हेलिओस’ भिंगातही तेच. पेट्झवालला भोवरा नको होता, त्याला प्रकाश हवा होता, म्हणजे समोरच्या माणसाला मिनिटभर श्वास रोखून बसावे लागू नये. एका काळाचा दोष दुसऱ्या काळात अलंकार ठरतो, हे साहित्याच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

आणखी एक गंमत आहे, आणि ती आपल्या घरातल्या चतुर्थीला लागू पडते. जे भिंग मागच्या वस्तूंना लोण्यासारखे मऊ करते, तेच भिंग पुढच्या वस्तूंना कडक, तारेसारखे करते. मागे-पुढे दोन्हीकडे तीच माया ते दाखवू शकत नाही. गणपतीच्या फोटोत माटोळी ही मूर्तीच्या डोक्यावर आणि बऱ्याचदा थोडी पुढे बांधलेली असते. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगे, चिबूड, रानातून हिंडून आणलेली कांगले आणि घागऱ्या. भिंग पूर्ण उघडून मूर्तीच्या डोळ्यांवर जुळवले की मागची भिंत मखमली होते खरी, पण माटोळीची भुते होतात. ज्या माणसाने दोन दिवस रान तुडवून ती फळे आणली, त्याच्या वर्षभराच्या निसर्गज्ञानाची ही किंमत. माटोळी हे सजावटीचे तोरण नव्हे. त्या वर्षी त्या गावच्या रानात काय पिकले, याची ती यादी आहे. यादी वाचता यायला हवी.

याचा अर्थ पार्श्वभूमी अस्पष्ट करणे हेच वाईट, असे मला म्हणायचे नाही. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जाण्याआधी उभा असलेला धोंड डोळ्यांसमोर आणावा. हातात वेताची काठी, गळ्यात मोगरीची माळ. मागे हजारो माणसे, दुकाने, दिवे. इथे भिंगाने गर्दी मागे सारली आणि आगीच्या ठिणग्यांच्या मऊ तांबूस चकत्या केल्या, तर ते पुसणे नव्हे. त्या क्षणी त्या माणसाचे मनही असेच एकाग्र झालेले असणार; भिंग त्याच्या मनाशी इमान राखते. शिवाय आग धूसर झाली तरी आगच राहते, कारण तिचा रंग बोलतो. अस्पष्टता आशयातून आली की ती अभिव्यक्ती होते; सवयीने आली की तो नुसता साचा. कवितेतल्या प्रतिमेला आपण जी कसोटी लावतो, तीच ही.

कोणी म्हणेल, आपला दशावतार तरी काय करतो? एक पडदा, एक बाकडे, बाजूला पेटी आणि पखवाज; राजवाडा नाही की अरण्य नाही. तिथेही पार्श्वभूमी काढूनच टाकलेली असते ना? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण नीट पाहता तो उलटाच पडतो. दशावतारात पार्श्वभूमी पुसलेली नसते, ती प्रेक्षकाच्या स्वाधीन केलेली असते. राजा ‘हे घोर अरण्य’ म्हणतो आणि देवळाच्या प्रांगणात बसलेले आपण अरण्य उभे करतो. फोटोत मात्र मागे खरोखरचे काहीतरी होते. ते काढून घेतल्यावर पाहणाऱ्याने काय उभे करायचे?

थोर छायाचित्रकारांकडे पाहिले तर या प्रश्नाची उत्तरे किती निरनिराळी असू शकतात ते दिसते. कलकत्त्यात १८१५ साली जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंनी चेहराच किंचित मऊ ठेवला. टीकाकारांनी त्यांना नावे ठेवली आणि काळाने बाईंच्या बाजूने निकाल दिला. रघुवीर सिंग (१९४२–१९९९) यांनी उलटी वाट धरली. त्यांच्या १९९४ च्या मुंबईवरील पुस्तकासारख्या कामात जवळचे, मधले आणि दूरचे एकाच चौकटीत नांदते. पुढच्या माणसाइतकाच मागचा फेरीवालाही आपला मान राखून असतो. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाची प्रबुद्ध दासगुप्ता (१९५६–२०१२) यांनी काढलेली कृष्णधवल छायाचित्रे २००९ साली ‘एज ऑफ फेथ’ या पुस्तकात आली. त्या माणसांच्या भोवतीचे घर काढून घेतले तर अर्धा आशय जाईल. मराठी चित्रपटात चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) मध्ये कॅमेरा लांब आणि स्थिर उभा राहतो, आणि आपल्या खटल्याची वाट पाहणारी मागच्या बाकांवरची माणसे दिसत राहतात. न्यायालय म्हणजे काय, हे ती मागची माणसेच सांगतात. पार्श्वभूमी हीच तिथे कथा आहे.

फोनमधल्या कॅमेऱ्याने तर प्रश्न आणखी बिकट केला. फोनच्या भिंगाचे छिद्र जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटरचे. मुगाच्या दाण्याएवढ्या त्या भोकातून माणसामागचे फारसे विरघळत नाही. म्हणून फोन ही अस्पष्टता गणिताने तयार करू लागले. यंत्र अंदाज बांधते की माणूस इथे संपला, आणि त्याच्या कडेने कात्री चालवून बाकीच्यावर बोळा फिरवते. भिंगातली अस्पष्टता अंतरानुसार हळूहळू वाढते. खांद्यामागचा खांब थोडा, त्यामागचा माड जास्त. कात्रीला हा क्रम सांभाळणे जड जाते. मग केसांच्या बटा कापल्या जातात, कानातले अर्धे विरघळते, अबोलीच्या वळेसराची कड भिंतीत जाते. यंत्रे सुधारत आहेत, हे कबूल. पण कात्री चांगली झाली म्हणून कापणे योग्य ठरत नाही.

आता मूळ मुद्दा. हे सारे मी पॅरिसमध्ये बसून लिहिले असते तर तो केवळ अभिरुचीचा प्रश्न राहिला असता. पेडणे-डिचोलीत तो तेवढाच राहत नाही. डिचोलीत ‘धूसर’ हा शब्द आपण अनेक वर्षे शब्दशः जगलो. खनिजाच्या ट्रकांमागून उडणारी तांबडी धूळ रस्त्याकडेच्या झाडांवर, घरांच्या कौलांवर बसत होती. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. त्याआधी कोणता डोंगर कोठवर होता, शेताच्या कडेला ओहोळ कसा वळत होता, हे आज नातवंडांना दाखवायचे तर कशावरून दाखवणार? घरातल्या जुन्या फोटोंवरून. मुंजीच्या, बारशाच्या, अंगणातल्या फोटोंत कोणी मुद्दाम न टिपलेला डोंगर मागे उभा असतो. साध्या कॅमेऱ्याला पार्श्वभूमी घालवता येत नव्हती, हे आपले केवढे भाग्य. पेडण्यातही तेच. मोपाच्या सड्यावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. विमानतळ हवा की नको, हा वाद इथे नाही. पण त्या सड्यावर गुरे चरत होती, पावसात तिथे फुले येत होती. ते ज्या फोटोंत माणसांमागे आले आहे, ते फोटो आता त्या जागेचे कागदपत्र आहेत.

आणि आजच्या नवरीच्या मागे? हिरवट-पिवळट लोणी. पुढे तीस वर्षांनी तिची मुलगी विचारील, ‘आई, हे कुठे गे?’ तेव्हा आईला आठवणीवर विसंबावे लागेल. फोटो तिला साक्ष देणार नाही. सीमेवरच्या माणसांना हे जास्त झोंबायला हवे. आपण कोण, कुठले, कोणत्या भाषेचे, असे आपल्याला सतत विचारले जाते. त्याचे उत्तर आपल्या चेहऱ्यावर क्वचितच लिहिलेले असते. ते बहुधा आपल्या मागे असते. तुळशीवृंदावनात, देवळाच्या पाटीवर, दुकानाच्या फळीवरच्या दोन लिप्यांत.

तेव्हा वाचकहो, एवढेच सुचवतो. पुढच्या कार्याला फोटोग्राफर ठरवाल तेव्हा दराबरोबर हेही बोलून घ्या. एकट्या चेहऱ्याचे दोन-चार फोटो हवे तितके मऊ काढू द्या. त्यांचीही गोडी आहे. पण घरासमोरचा, देवळासमोरचा, कुळागरातला फोटो काढताना ‘छिद्र थोडे मिटा, एफ ८ वर आणा, मागचे ओळखू येऊ दे’ असे स्पष्ट सांगा. तो हसला तर हसू द्या. मागचे धूसर असले तरी चालेल. ते पुसट होता कामा नये.