गालापागोसचे प्रवासवर्णन : एका कबुलीचे मोल

१८३५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘बीगल’ जहाज गालापागोस द्वीपसमूहात सुमारे पाच आठवडे होते. चार्ल्स डार्विनच्या प्रवासग्रंथातील या प्रकरणात महाकाय कासवे आहेत, समुद्रात पोहणारे सरडे आहेत. परंतु त्याचे खरे वाङ्मयीन मूल्य एका कबुलीत आहे. कवचावरून कासवाचे बेट ओळखता येते, असे तेथील उपराज्यपालाने सांगूनही आपण वेळीच लक्ष दिले नाही व दोन बेटांवरील संग्रह अंशतः मिसळून टाकला, हे लेखक स्वतःच नमूद करतो. आज मार्गदर्शकासह, आखलेल्या वाटेने ही बेटे पाहणाऱ्या प्रवाशाला चुकण्यास वाव थोडा. त्यामुळे त्याच्या लेखनात प्राण्यांची यादी भरगच्च होते. पाहणारा मात्र हरवतो. प्रवासवर्णनाचा कस दृश्याच्या दुर्मिळतेपेक्षा द्रष्ट्याच्या प्रामाणिकपणावरच लागतो.